रेव्हरंड ना. वा. टिळक : देव एक, रीत कोणती?



आपल्या नशिराबादहून भादली रेल्वे स्टेशन काही लांब नाही. ५ मे १९१८ रोजी तिथेच बालकवी ठोंबरे रेल्वेच्या अपघातात गेले, हे आपण मुलांना आवर्जून सांगतो. धरणगावात जन्मलेल्या या मुलातला कवी ओळखून ज्यांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी पोरासारखे ठेवून घेतले, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांबद्दल मात्र आपण दोनच वाक्ये बोलतो. फुलांमुलांचे कवी, ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता लिहिणारे, आणि पुढचा धडा!

आज त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू पाहू. देवाची उपासना कोणत्या रीतीने करायची, या एका प्रश्नाची किंमत टिळकांनी आयुष्यभर मोजली.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई लहानपणीच गेली. मुलगा नाशिकला आला, संस्कृत शिकला, कविता करू लागला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांना दिली. त्याच आपल्या ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई. लक्ष्मीबाईंच्या माहेरी सोवळे किती कडक? बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, इतके. वडिलांच्या त्या सोवळ्याने अख्खे घर दमून जाई. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

टिळक एका गावी टिकत नसत. कधी मास्तरकी, कधी पुराण सांगणे, कधी छापखाना. नागपूरला संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले, पण मन स्वस्थ नव्हते. जातीभेद आणि कर्मकांड यांनी बांधलेला धर्म त्यांना पटेना. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. त्यांनी तो वाचला, खुणा करीत वाचला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या एका दिवसाने घर मोडले. नातेवाईक तुटले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन चार-पाच वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या, तरी सुरुवातीला चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी बळजबरी केली नाही, सोवळे सांभाळायची सोय करून दिली. माणसामाणसांत उच्चनीच देवाने केलेले नाही, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्याच विचाराने उमगले आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. एरवी टिळक मोठे तापट, पण या बाबतीत त्यांनी धीर धरला.

आता थोडे इंग्लंडकडे वळू. का, ते लगेच कळेल.

टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेले, त्याची मुळे जुन्या एका भांडणात आहेत. सोळाव्या शतकात इंग्लंडचे चर्च रोमच्या पोपपासून वेगळे झाले. राणी एलिझाबेथच्या काळात काही जण म्हणू लागले, की सुधारणा अर्धीच झाली. पाळकाने पांढरा झगा का घालायचा? बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण का करायची? लग्नात अंगठी कशाला? प्रभुभोजन गुडघे टेकूनच का घ्यायचे? जे बायबलमध्ये सांगितलेले नाही ते माणसांनी रचलेले, म्हणून उपासनेतून काढून टाका, असा त्यांचा आग्रह. लोक त्यांना ‘प्युरिटन’ म्हणजे शुद्धतावादी म्हणू लागले. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की बायबलने ज्याला मनाई केलेली नाही आणि ज्याने चार लोकांत शिस्त राहते, ते पाळायला हरकत काय?

वरवर पाहता झग्याचे भांडण. पण त्यापायी पाळकांच्या नोकऱ्या गेल्या, काही तुरुंगात गेले. १६२० मध्ये आणि त्यानंतर हजारो माणसे समुद्र ओलांडून अमेरिकेत न्यू इंग्लंडला गेली. तिथे सत्ता हाती आल्यावर त्यांनी काय केले? १६५९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला! नाताळचा सण बायबलमध्ये नाही ना, म्हणून. स्वतःवर रीत लादली म्हणून घर सोडणारी माणसे दुसऱ्यावर तितक्याच सहज लादू शकतात, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. तो दंड १६८१ मध्ये रद्द झाला.

त्यांच्याच परंपरेतल्या चर्चमधून १८१० मध्ये अमेरिकन मिशन मंडळ निघाले. १८१३ मध्ये त्यांची माणसे मुंबईत आली, १८३१ मध्ये अहमदनगरला. त्यांनी मराठी शिकून घेतली, शाळा काढल्या, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केले. हे काम मोठेच. पण गंमत बघा. ज्यांच्या पूर्वजांनी माणसांनी रचलेल्या रीती नकोत म्हणून देश सोडला, त्यांच्याबरोबर इथे दुसऱ्या रीती आल्या. परदेशी चाली, परदेशी उपासनेचा क्रम, परदेशी शिस्त. या तरी बायबलमध्ये कुठे सांगितल्या होत्या?

टिळकांनी नेमके हेच धरले. ख्रिस्त स्वीकारायचा म्हणजे साहेब व्हायचे नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या अभंगावर वाढलेला माणूस देवाला हाक मारील ती अभंगातच मारील. टिळकांनी शेकडो ख्रिस्ती गीते लिहिली, त्यांत अभंग आहेत, पदे आहेत, ओव्या आहेत. टाळ-मृदंगाच्या साथीने भजने बसवली, ख्रिस्ती कीर्तने केली. कीर्तनाची वाट त्यांच्याआधी अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांनी पाडली होती, टिळकांनी ती रुंद केली. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्र त्यांनी हाती घेतले, ते अपुरे राहिले आणि पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. शाळेत फारशा न गेलेल्या बाईने! पालकहो, हे घरी मुलींना जरूर सांगा.

हे सगळ्यांना रुचले असे नाही. ज्यांनी जुन्या रीतींपायी अपमान सोसला होता, त्यांना वाटायचे, टाळ आला की मागोमाग जुना धर्मही येईल, आणि धर्माबरोबर जातही. ही भीती खोटी म्हणता येणार नाही. मागे आपण लक्ष्मीबाईंच्या माहेरचे सोवळे पाहिले. रीत कधी माणसाला देवाजवळ नेते, कधी माणसाला माणसापासून तोडते. टिळक दोन्ही जाणत होते. सोवळे त्यांनी टाकले आणि अभंग ठेवला. माझ्या मते त्यांच्या सगळ्या विचाराचे सार या निवडीत आहे.

बालकवी त्यांच्या घरी राहिले ते हिंदू म्हणूनच. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात नावाजलेल्या या मुलाला टिळकांनी माया दिली, लक्ष्मीबाईंनी जेवू-खाऊ घातले, पण धर्म बदल असे म्हटले नाही.

१९०४ मध्ये टिळकांना रीतसर पाळकाची दीक्षा मिळाली होती. पगार होता, मान होता. तरी १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यासी वृत्तीने राहायचे ठरवले. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे तिथे एकत्र यावेत, अशी कल्पना. म्हणजे ज्या विधीसाठी त्यांनी स्वतः घरदार गमावले होते, तो विधीसुद्धा त्यांनी दारातली अट म्हणून ठेवला नाही. दरबार फार वाढला नाही, कारण वेळच मिळाला नाही. भादलीच्या अपघातानंतर पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. त्यांची गीते मात्र मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.

शिक्षक मित्रांनो, हा धडा वर्गात कसा घ्यावा? मी एक सुचवतो. आपल्याकडे श्रावणात कानबाई बसते. मुलांना विचारा, आजी कानबाईची गाणी कोणत्या बोलीत म्हणते? तीच गाणी परक्या भाषेत, परक्या चालीत म्हणायला लावली तर आजीला कसे वाटेल? मुले चटकन उत्तर देतात. मग दुसरा प्रश्न विचारा, घरातली अशी एखादी रीत आहे का, की जिच्यामुळे कोणाला उंबऱ्याबाहेर थांबावे लागते? इथे वर्ग जरा गप्प होतो. होऊ द्या. उत्तर आपण सांगायची घाई करू नये.

आणि पालकहो, मूल घरी येऊन एखाद्या रीतीबद्दल ‘हे का करायचं?’ असं विचारू लागलं, तर त्याला गप्प बसवू नका. कारण ठाऊक असेल तर सांगा. ठाऊक नसेल तर त्याच्याबरोबर बसून शोधा.