वाडी नाही म्हणाली

गेल्या वर्षी आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात मुलांचं नाटक बसवायचं काम माझ्याकडे आलं. वाङ्मय मंडळात आहे, दोन-तीन एकांकिकांत कामं केली आहेत, तेव्हा पोरांचं नाटक म्हणजे काय मोठंसं, असा माझाही थाट होता. पाच ते आठ वर्षांची अकरा मुलं होती. मी प्राण्यांच्या सभेचं एक नाटुकलं लिहिलं, संवाद पाठ करून घेतले. वाघाने कुठे उभं राहायचं, सशाने कुठल्या शब्दावर मान हलवायची, सगळं मीच ठरवून दिलं. पंधरा दिवस रोज संध्याकाळी तालीम चालायची.

प्रयोगाच्या दिवशी वाघ अडला. सहा वर्षांचा मुलगा. मी विंगेतून वाक्य सांगितलं, त्याला ऐकू गेलं नाही. मग मोठ्याने सांगितलं, ते नेमकं माईकने पकडलं आणि सगळा मांडव हसला. वाघ तिथेच रडायला लागला. शेवटी आईने येऊन त्याला उचलून नेलं. लोक दुसऱ्या दिवशी विसरले, तो विसरला नाही. त्यानंतर घरी कोणी आलं आणि गाणं म्हण म्हणालं, की तो आईच्या मागे लपायचा. चूक त्याची नव्हती, माझी होती. पण नेमकी कुठे झाली, ते मला कळत नव्हतं.

आमच्या शेजारी एक गुजराती बेन राहतात. त्यांनी बरीच वर्षं बालमंदिर चालवलं. मी माझं रडगाणं त्यांना ऐकवलं, तर त्यांनी एकच विचारलं. वाघ कसा चालतो, कसा चिडतो, हे मी त्या पोराला कधी विचारलं होतं का? नव्हतं विचारलं. मी फक्त सांगितलं होतं. बेननी आतून चार-पाच जुनी पुस्तकं आणून माझ्यासमोर ठेवली. सगळ्यांवर नाव एकच, गिजुभाई बधेका. बडोद्यात वाढलेल्या आपल्यासारख्यांना गुजराती वाचता येतं, ही केवढी सोय आहे ते त्या महिन्यात मला कळलं.

गिजुभाईंचं पाळण्यातलं नाव गिरिजाशंकर, वडिलांचं नाव भगवानजी. जन्म १५ नोव्हेंबर १८८५ चा, सौराष्ट्रातल्या चितळ गावी. बालपण वळ्यात, म्हणजे आजच्या वल्लभीपूरला गेलं आणि पुढचं शिक्षण भावनगरला झालं. त्या काळची शाळा म्हणजे पाठांतर आणि छडी. १९०७ मध्ये पोटापाण्यासाठी ते पूर्व आफ्रिकेला गेले. परत आल्यावर मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण कँपमध्ये, म्हणजे आजच्या सुरेंद्रनगरला, वकिली सुरू केली. इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही हुशार, होतकरू माणसाची. यात मूल कुठेच नाही.

मूल आलं १९१३ मध्ये. मुलगा झाला, नरेंद्र. आता याला वाढवायचं कसं, याला आपण शिकलो तसल्याच शाळेत घालायचं का, हा प्रश्न वकीलसाहेबांना पडला. तो बहुतेक सगळ्या आईबापांना पडतो, आणि आपण कोर्टाची वेळ झाली म्हणून तो बाजूला ठेवतो. गिजुभाईंनी ठेवला नाही. ते विचारत, शोधत फिरले. या शोधात त्यांना मोतीभाई अमीन भेटले. हे नाव बडोदेकरांनी विसरू नये. सयाजीराव महाराजांच्या राज्यात गावोगाव वाचनालयं नेण्यासाठी ज्यांनी आयुष्य घातलं, तेच हे मोतीभाई. त्यांनी गिजुभाईंच्या हाती मारिया माँटेसरींच्या शिक्षणपद्धतीवरचं पुस्तक दिलं, आणि त्या पुस्तकाने वकिली बुडवली असं म्हणायला हरकत नाही.

भावनगरला नानाभाई भट्टांनी १९१० मध्ये दक्षिणामूर्ती ही संस्था सुरू केली होती. १९१६ मध्ये गिजुभाई वकिली सोडून तिथे गेले. आधी मोठ्या मुलांना शिकवलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की इथवर येईपर्यंत उशीर झालेला असतो. भीती आधीच बसलेली असते. म्हणून १९२० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी अडीच-तीन वर्षांपासूनच्या मुलांसाठी बालमंदिर काढलं. दोन वर्षांनी तख्तेश्वरच्या टेकडीजवळ त्याची स्वतःची इमारत उभी राहिली. तिचं उद्घाटन कस्तुरबांच्या हातून झालं. मिशा राखणारा हा उंचापुरा माणूस दिवसभर पोरांत बसू लागला, आणि लोक त्यांना मूछाळी मा म्हणू लागले. मिशा असलेली आई.

आता माझ्या वाघाकडे येतो.

माँटेसरी पद्धतीत लहान मुलांच्या हाती साधनं असतात. ठोकळे, मणी, बटणं लावायच्या चौकटी. खऱ्या वस्तू, खरं काम. परीकथा, राक्षस, बोलणारे प्राणी या कल्पनेच्या दुनियेबद्दल माँटेसरींना फारशी आस्था नव्हती. एवढ्या लहान वयात खरं आणि खोटं यांत मुलाचा गोंधळ होतो, असं त्यांचं मत होतं. गिजुभाई त्यांना गुरू मानत. पण इथे त्यांनी गुरूचं ऐकलं नाही. त्यांच्यापुढची मुलं काठियावाडची होती, आजीच्या मांडीवर गोष्टी ऐकत मोठी झालेली. त्यांच्याकडून गोष्ट काढून घेणं म्हणजे त्यांची भाषाच काढून घेणं. म्हणून बालमंदिरात साधनं होती आणि गोष्टही होती, लोकगीतं होती आणि नाटकही होतं. गोष्ट कशी निवडायची, कशी सांगायची, यावर त्यांनी वार्तानुं शास्त्र नावाचा मोठा ग्रंथच लिहिला.

त्यांच्याकडे नाटक गोष्टीतून जन्माला येतं. हे मी उलटं केलं होतं. मी आधी संहिता लिहिली आणि मुलं तिच्यात बसवली. गिजुभाईंच्या पद्धतीत आधी गोष्ट सांगायची, तीही जीव ओतून. मुलांना ती आवडली की ती पुन्हा मागतात, मग पुन्हा सांगायची. सांगता सांगता मुलं मधेच बोलायला लागतात, कोल्ह्याचा आवाज काढतात, म्हातारीसारखी वाकतात. म्हणजे पात्र त्यांच्या अंगात शिरलेलं असतं. मग फक्त एवढंच म्हणायचं, की चला, आज ही गोष्ट करू या. कोण कोल्हा होणार, कोण म्हातारी, ते मुलांनी ठरवायचं. संवाद पाठ करायचे नाहीत. गोष्ट माहीत आहे, तर शब्द आपले आपण येतात, आणि आज आलेले शब्द उद्या यायलाच हवेत असं नाही. पडदा नसला तरी चालतं. पंचा खांद्यावर टाकला की शेतकरी, डोक्याला गुंडाळला की राजा.

त्यांचं दिवास्वप्न हे पुस्तक आपल्यापैकी जे पुढे बी.एड. करणार आहेत त्यांनी तरी वाचाच. ते कादंबरीसारखं आहे. एक माणूस शिक्षणाधिकाऱ्याकडून चौथीचा वर्ग मागून घेतो आणि वर्षभर आपल्या पद्धतीने शिकवून बघतो. पहिल्याच दिवशी तो तोंडावर आपटतो. शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि पोरं वर्ग डोक्यावर घेतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो आणि तोच वर्ग गप्प होतो. पुढे गोष्टींची नाटकं होतात. बाकीचे शिक्षक नाकं मुरडतात, कारण अभ्यासक्रमात हे कुठे आहे? मला त्या पुस्तकातलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर गिजुभाईंनी आपल्या शिक्षकाची फजिती लपवलेली नाही. मला जरा धीर आला.

नाटक कोणासाठी, याबद्दल त्यांचं मन पक्कं होतं. मुलं नाटक करतात ती स्वतःच्या आनंदासाठी. पाहुणे आले म्हणून पोरांना नटवून उभं करणं, चुणचुणीत चारजणांना निवडून बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बसवणं, हे त्यांना पटत नसे. लहान मूल शेतकरी होतं, तेव्हा ते पाहिलेल्या शेतकऱ्याला आठवतं, त्याच्या जागी जाऊन उभं राहतं, त्याला काय वाटत असेल ते स्वतःला वाटून बघतं. हे काम आतलं आहे. आपण त्याच्या तोंडात वाक्य घातलं, की ते शेतकऱ्याचा विचार सोडतं आणि वाक्याचा विचार करायला लागतं. आणि वाक्य विसरता येतं. मांडवात उभा असलेला माझा वाघ, वाघ नव्हताच. तो माझं वाक्य शोधत असलेला एक घाबरलेला मुलगा होता.

या कामात गिजुभाईंना भक्कम साथ मिळाली ती एका मराठी बाईंची, ताराबाई मोडकांची. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजातली मानाची जागा सोडून त्या १९२३ च्या सुमारास भावनगरला आल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, शिक्षणपत्रिका सुरू झाली, आणि पुढे ताराबाईंनी तिची मराठी आवृत्तीही चालवली. नंतर त्या मुंबईला परतल्या. दादरचं शिशुविहार, १९४५ मध्ये बोर्डी, १९५७ मध्ये कोसबाड, सोबत अनुताई वाघ, हा इतिहास आपल्याला थोडाफार ठाऊक असतो. पण वारली मुलांच्या अंगणात भरलेल्या त्या अंगणवाडीच्या मुळाशी भावनगरची एक टेकडी आहे, हे मला माहीत नव्हतं. आपण सीमेपलीकडची मराठी माणसं नेहमी म्हणतो, की आम्ही दोन भाषांच्या मध्ये अडकलो. ताराबाई अडकल्या नाहीत. एका भाषेतलं शहाणपण त्यांनी दुसरीत नेलं.

गिजुभाईंनी १९३६ मध्ये दक्षिणामूर्ती सोडली. मुलांसाठी, पालकांसाठी, शिक्षकांसाठी लिहिलेल्या लहान-मोठ्या पुस्तकांचा ढीग तोवर झाला होता. गुजराती साहित्यातला मानाचा रणजितराम सुवर्णचंद्रकही मिळाला होता. शरीर मात्र थकलं होतं. २३ जून १९३९ ला ते गेले. वय अवघं त्रेपन्न. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मारिया माँटेसरी भारतात आल्या आणि मद्रासला शिक्षकांचे वर्ग घेऊ लागल्या. पाच महिन्यांची चुकामूक. दोघांची भेट झाली असती तर गोष्टींवरून कडाक्याचा वाद झाला असता, असं मला उगाच वाटत राहतं.

या वर्षी मी संहिता लिहिली नाही. गिजुभाईंच्या बालवार्तांतली दला तरवाडीची गोष्ट मुलांना सांगितली. दलाला वांगी हवी असतात. वाडीत राखणदार नसतो. मग तो वाडीलाच विचारतो की दोन-चार वांगी घेऊ का, आणि वाडीच्या वतीने स्वतःच उत्तर देतो, की घे ना, दहा-बारा घे. शेवटी मालक त्याला पकडतो, दोराला बांधून विहिरीत सोडतो आणि विहिरीला विचारतो की याला बुडवू का. उत्तर अर्थात तोच देतो. मुलांनी ही गोष्ट आठवडाभर रोज मागितली. मग आम्ही ती करायला घेतली. मांडवात नाही, माईक नाही, आमच्याच गच्चीवर.

दला व्हायला चौघं तयार होते. विहीर व्हायला एक मुलगी स्वतःहून गोल बसली. गेल्या वर्षीचा वाघ कोपऱ्यात उभा होता. मी त्याला काही म्हटलं नाही. जरा वेळाने तो मधोमध येऊन पालथा पसरला. मी विचारलं, तर म्हणाला की तो वाडी आहे. मला बरं वाटलं. वाडीला बोलायचं नसतं, तेव्हा याला धोका नाही.

दला आला. वाकून त्याने वाडीला विचारलं, दोन-चार वांगी घेऊ का. आणि वाडीने मान वर करून खणखणीत आवाजात सांगितलं, की नाही.

सगळे थबकले. दला माझ्याकडे बघायला लागला. गोष्टीत असं नाहीये, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. खरं सांगतो, ते गिळायला मला कष्ट पडले. वाडी मात्र माझ्याकडे बघतच नव्हती, ती दलाकडे रोखून बघत होती. शेवटी दला हिरमुसून परत फिरला, घरी बायकोने त्याला चांगलंच झापलं, आणि मालक झालेला मुलगा माझ्याकडे तक्रार घेऊन आला, की आता मी कोणाला बुडवू?

मी त्याला म्हटलं, वाडीला विचार.