इन्सुलिनला सावकाश चालायला लावणारा डॉक्टर: हागेडोर्न यांच्या शोधावर आज मधुमेही मांजरं का जगतायत?

घरात मधुमेहाचं कुणी असेल तर इन्सुलिनची दुधट बाटली पाहिलेली असेल. टोचण्याआधी तळव्यांत हळूच घोळवावी लागते, ती. डोंगरकड्यातल्या रुग्णाच्या घरी असो की मुंबईतल्या, त्यातल्या दुधट इन्सुलिनला डॉक्टर 'एनपीएच' म्हणतात. शेवटचा 'एच' हे एका माणसाचं आडनाव आहे.

हान्स क्रिश्चन हागेडोर्न यांचा जन्म 1888 चा, डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचा. 1912 मध्ये डॉक्टर झाल्यावर ते ब्रांडे या छोट्या गावात दवाखाना चालवू लागले. तिथल्या नॉर्मन येन्सन या फार्मासिस्टला सोबत घेऊन त्यांनी रक्तातली साखर मोजायची पद्धत बसवली. 1918 साली ती प्रसिद्ध झाली. रक्त लागायचं फक्त 0.1 मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन थेंब. इन्सुलिन सापडायच्या आधीची ही गोष्ट. औषध नव्हतं, पण मोजमाप तयार होतं.

1922 मध्ये नोबेल विजेते डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग अमेरिकेला गेले. सोबत पत्नी मारी होत्या. त्या स्वतः डॉक्टर आणि मधुमेहीही. त्यांच्याच आग्रहावरून क्रोग टोरांटोला पोहोचले आणि इन्सुलिन बनवायची परवानगी घेऊन परतले. त्याच डिसेंबरात क्रोग आणि हागेडोर्न यांनी गुरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढलं. 1923 मध्ये 'नॉर्डिस्क' ही संस्था उभी राहिली.

हागेडोर्न तसे सोपे गृहस्थ नव्हते. 1924 मध्ये त्यांनी थोरवाल पेडरसन या केमिस्टला कामावरून काढलं. त्याचा भाऊ हाराल्डही बाहेर पडला आणि दोघांनी 1925 मध्ये 'नोवो' काढली. पुढची 60 हून जास्त वर्षं दोन्ही कंपन्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या!

खरी अडचण इन्सुलिनचीच होती. त्याचा असर काही तासांत संपायचा. दिवसातून अनेकदा टोचा, रात्री झोपेतून उठून टोचा. मुलांचे तर हालच. हागेडोर्न यांनी उपाय शोधला तो माशात. ट्राउट माशाच्या वीर्यातलं प्रोटामाइन हे प्रथिन इन्सुलिनमध्ये मिसळलं की ते कातडीखाली सावकाश विरघळतं. 1936 मध्ये हे जाहीर झालं. त्याच वर्षी टोरांटोत स्कॉट आणि फिशर यांनी त्यात झिंक घातलं आणि असर आणखी लांबला. हे झालं प्रोटामाइन झिंक इन्सुलिन, म्हणजे पीझेडआय. एनपीएच नंतरचं, 1946 चं.

हागेडोर्न 1971 मध्ये वारले. 1989 मध्ये नोवो आणि नॉर्डिस्क एक झाल्या. पीझेडआय माणसांच्या उपचारातून मागे पडलं, पण 2009 मध्ये त्याचंच नवं रूप अमेरिकेत खास मांजरांसाठी मंजूर झालं.

माणसात दिवसभर पुरणारं हे इन्सुलिन मांजराच्या अंगात लवकर संपतं, म्हणून बहुतेकदा दर 12 तासांनी द्यावं लागतं. सुरुवात साधारण 1 ते 2 युनिटची. आणि इथे हागेडोर्न यांचं पहिलं काम, थोड्या रक्तातलं मोजमाप, पुन्हा उपयोगी पडतं. मांजराच्या कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त घेतात आणि दर दोन तासांनी असं 12 तास मोजतात. डोस ठरतो तो साखर सगळ्यात खाली कुठे गेली यावर. तो आकडा 80 ते 150 च्या दरम्यान असावा, असं सर्वसाधारणपणे मानतात. त्याखाली गेला तर डोस कमी करायचा. वरच राहिला तर अर्धा-एक युनिट वाढवायचं, आणि मग किमान 5 ते 7 दिवस थांबायचं.

एकाच वेळचा मोठा आकडा पाहून घाईने डोस वाढवणं मांजराच्या जिवावर बेतू शकतं. घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या दवाखान्याच्या फेरीनेही चढते. काही मांजरांना तर उपचारानंतर इन्सुलिन लागेनासंही होतं. अशा वेळी जुनाच डोस चालू राहिला तर साखर कोसळते, मांजर लडखडतं, झटके येतात. तेव्हा हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज लावून थेट पशुवैद्यकाकडे.

सिरिंजही बघून घ्यावी. 40 युनिटवाल्या औषधाला लाल टोपणाची, 100 वाल्याला केशरी टोपणाची. 100 चं औषध 40 च्या सिरिंजमध्ये भरलं, तर अडीचपट डोस जातो.