सर रॉबर्ट ग्रँट आणि आमचे उद्यांचे डॉक्टर

आज पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दींत मोडणाऱ्या दापोडीस ९ जुलै १८३८ रोजीं मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचा अंत झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजामुळें जें नांव सर्वांच्या तोंडीं आहे, त्याचा धनी आमच्याच वेशींत वारला, ही गोष्ट येथील थोड्यांसच ठाऊक असेल.

ग्रँट यांचा जन्म १७७९ सालीं बंगाल्यांत झाला. वडील कंपनी सरकारचे बडे अधिकारी. मुलगा केंब्रिजला शिकून बॅरिस्टर झाला, पार्लमेंटांत शिरला, आणि ज्यू लोकांवरील राजकीय निर्बंध उठविण्याचें बिल एकदां फेटाळलें गेलें तरी पुन्हां मांडण्यास कचरला नाहीं. १८३५ सालीं ते मुंबईस गव्हर्नर होऊन आले. एडन बळकावण्याची खटपटही त्यांचीच. तेव्हां परकी सत्तेच्या या चाकराचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु गुण असेल तेथें तो सांगितलाच पाहिजे.

देशी लोकांस वैद्यक शिकविण्यासाठीं मुंबईंत १८२६ त निघालेली शाळा सरकारनेंच १८३२ त मोडली होती. दुसरा गव्हर्नर त्या अपयशाकडे बोट दाखवून स्वस्थ बसता. ग्रँट यांनीं डॉ. चार्ल्स मोरहेड यांच्या साह्यानें इलाख्यांतून माहिती मागविली आणि नव्या कॉलेजाची योजना उभी केली. तें कॉलेज पाहण्यास मात्र ते राहिले नाहींत. त्यांच्या स्मारकासाठीं मुंबईकरांनीं वर्गणी काढली. शेट जमशेटजी जिजीभाई यांनीं इस्पितळासाठीं एक लाख रुपये देऊन सरकारास तितकेच घालण्यास लाविले. १८४५ सालीं कॉलेज व इस्पितळ जोडीनें उघडलीं, आणि १८५१ त भाऊ दाजी आदिकरून पहिले पदवीधर बाहेर पडले.

शाळा मोडण्यास एक हुकूम पुरला. उणीव भरून निघण्यास एकोणीस वर्षें लागलीं!

पिंपरींत १९९६ पासून खासगी मेडिकल कॉलेज आहे. पालिकेच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयांत पदव्युत्तर शिक्षण चालतें. इकडे चाकणपर्यंत कारखाने व वस्ती वाढतच आहे. जागा वाढविल्या कीं डॉक्टर वाढले, हा हिशेब कच्चा आहे. आज प्रवेश मिळालेला विद्यार्थी साडेचार वर्षें अभ्यास व एक वर्ष उमेदवारी करील तेव्हां डॉक्टर होईल, आणि तीं वर्षें रोग्याच्या खाटेशेजारीं, जाणत्या अध्यापकाच्या नजरेखालीं न गेलीं तर त्याच्या हातीं नुसता कागद येईल. ज्या कारखानदारांच्या व व्यापाऱ्यांच्या मजुरांस हे डॉक्टर उद्यां लागणार, त्यांनीं जमशेटजींप्रमाणें आधीं खाटा व अध्यापक यांसाठीं थैली सोडावी, आणि पालिकेकडून तितकीच रक्कम हक्कानें मागून घ्यावी.