रुडॉल्फ डीझेल : इंधनाच्या अपव्ययाशी झुंजणारा यंत्रविशारद

इच्चोड्याजवळ नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर क्षणभर उभे राहावे, तर मालमोटारींची रांग संपता संपत नाही. आमच्या बाजारहत्नूरच्या शिवारात ट्रॅक्टर नांगरटीला जुंपलेला असतो आणि कापूस बाजाराकडे निघतो तोही त्याच्याच जोरावर. विजेचे खांब येण्यापूर्वी गावोगावच्या विहिरींवर आणि पिठाच्या गिरण्यांत तेलाची इंजिने धडधडत असत, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकतोच. ह्या यंत्रांना आपण सहजपणे डीझेल इंजिन म्हणतो. परंतु डीझेल हे मुळात तेलाचे नाव नसून एका माणसाचे आडनाव आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

जेथे डीझेलची गाडी आहे, तेथे एक वाद हमखास रंगतो. इंजिनात थोडा फेरफार केला, तर गाडीचा जोर वाढेल काय, आणि तेलही वाचेल काय? कोणी हो म्हणतो, कोणी नाही. ज्या पुरुषाचे सारे आयुष्य ह्याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यात खर्ची पडले, त्याचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

रुडॉल्फ डीझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरी झाला. आईवडील मूळचे जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे. वडील पुस्तकबांधणीचा आणि चामडी वस्तू बनविण्याचा व्यवसाय करीत. घरची स्थिती बेताचीच. लहानग्या रुडॉल्फचा ओढा यंत्रांकडे होता, आणि पॅरिसमधील यंत्रांचे संग्रहालय हे त्याचे आवडते ठिकाण होते. १८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डीझेल कुटुंब लंडनला गेले. तेथेही पोटापाण्याची सोय नीट लागेना, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबुर्ग येथे नातेवाइकांकडे शिक्षणासाठी धाडण्यात आले. घराचे छत्र अकाली दुरावलेल्या त्या मुलाने चौदाव्या वर्षीच यंत्रविशारद होण्याचा निश्चय केला आणि तसे आईवडिलांना पत्राने कळविले. पुढे शिष्यवृत्तीच्या बळावर तो म्यूनिकच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला.

येथे कार्ल फॉन लिंडे हे त्याचे गुरू. शीतयंत्रांच्या क्षेत्रात त्यांचे नाव मोठे. वाफेच्या इंजिनात जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामी येतो आणि उरलेली वाया जाते, हे त्यांच्या व्याख्यानांतून ऐकले, तेव्हा हा तरुण विद्यार्थी अस्वस्थ झाला. इतका अपव्यय टाळता येणार नाही काय, ह्या विचाराने त्याच्या मनात कायमचे घर केले. विषमज्वरामुळे त्याची अंतिम परीक्षा लांबली, परंतु १८८० साली तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला.

त्यानंतर सुमारे दहा वर्षे डीझेल यांनी पॅरिसमध्ये लिंडे यांच्या शीतयंत्रांचे काम पाहिले. फावल्या वेळात त्यांचे स्वतःचे प्रयोग चालत. अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन तयार करताना एकदा भीषण स्फोट झाला आणि त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. तथापि ध्यास सुटला नाही. १८९२ साली त्यांनी आपल्या कल्पनेच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १८९३ साली तिचे विवरण करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला.

ती कल्पना थोडक्यात अशी. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक तापते, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे. हवा दाबली की ती तापते. इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्याने हवा पुरेशी दाबली, तर ती इतकी तापेल की तीत सोडलेले तेल ठिणगीवाचून आपोआप पेटेल. जितका दाब अधिक, तितका उष्णतेचा उपयोग अधिक.

ऑग्सबुर्गचा यंत्रकारखाना आणि क्रुप ही मातबर पेढी यांनी ह्या कल्पनेला पाठबळ दिले. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या यंत्राची चाचणी झाली. तेल पेटले खरे, पण दाब एवढा चढला की दाब मोजणारे उपकरणच फुटून उडाले. इंजिन स्वतःच्या बळावर चालले नाही. मात्र दाबलेल्या हवेत तेल आपोआप पेटते, एवढे सिद्ध झाले.

आता डीझेल यांच्यापुढे खरी कसोटी उभी राहिली. ग्रंथात मांडलेले गणित प्रत्यक्षात जसेच्या तसे उतरत नव्हते. त्यांनी कल्पिलेला प्रचंड दाब कोणतेही यंत्र सोसू शकले नसते, आणि इंजिनाला पाण्याने थंड करण्याची गरज नाही ही त्यांची समजूतही चुकीची ठरली. अशा वेळी हट्टाने पहिल्याच आराखड्याला चिकटून राहणारे पुष्कळ असतात. डीझेल यांनी आराखडा बदलला. दाब कमी केला, नळकांड्याभोवती पाणी खेळविले, आणि तेल दाबाच्या हवेबरोबर बारीक फवाऱ्याने सोडण्याची युक्ती योजिली. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी सुधारलेले यंत्र सुमारे एक मिनिटभर आपल्याच बळावर फिरले. जवळच्या अनुभवी कारागिराने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढून आदर व्यक्त केला, अशी आठवण त्यांनी पुढे नमूद केली आहे.

त्यानंतर तीन वर्षे फेरफार आणि मोजमाप, पुन्हा फेरफार आणि पुन्हा मोजमाप, असा क्रम चालला. अखेर फेब्रुवारी १८९७ मध्ये म्यूनिकचे प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी नव्या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. मिनिटाला सुमारे १५४ फेरे घेणाऱ्या त्या इंजिनाने जवळजवळ १८ अश्वशक्तीचा जोर दिला. एक अश्वशक्ती तासभर मिळविण्यास त्याला पाव किलोहूनही किंचित कमी तेल लागले. इंधनातील उष्णतेचा सुमारे २६ टक्के भाग कामी आला. वाफेच्या इंजिनाच्या मानाने हा आकडा दुपटीहून अधिक होता. फेरफाराने जोर आणि काटकसर दोन्ही साधतात, ह्याचा हा निर्विवाद पुरावा होय. आणि तो दिला तो बढाईने नव्हे, तर त्रयस्थ परीक्षकाच्या मोजमापाने.

यशाबरोबर धन आणि कीर्ती आली. अमेरिकेतील हक्क दहा लक्ष मार्कांना विकले गेले. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि तेथे असे एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले. परंतु चित्राला दुसरी बाजूही होती. पुरेशी पक्वता येण्यापूर्वीच इंजिने विक्रीस गेली. १८९८ साली एका आगपेटीच्या कारखान्यात बसविलेले इंजिन वारंवार बिघडू लागले. ग्राहकांच्या तक्रारी आल्या, आणि मूळ कल्पना आपलीच असे म्हणणारे प्रतिस्पर्धीही पुढे सरसावले. दाबाच्या इंजिनावर इंग्लंडच्या हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट यांनीही आधी काम केले होते, हे येथे नमूद केले पाहिजे. ह्या साऱ्या ताणाने डीझेल यांची प्रकृती ढासळली. इंजिनातील तेलाचा थेंब न् थेंब मोजणाऱ्या ह्या माणसाला स्वतःच्या द्रव्याचा हिशेब मात्र साधला नाही. जमिनीच्या आणि तेलाच्या व्यवहारांत त्यांनी मोठी रक्कम गमावली.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी अँटवर्प बंदरातून ते ड्रेस्डेन नावाच्या आगबोटीने इंग्लंडला निघाले. रात्री भोजन करून ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी खोली रिकामी होती. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या देहावरील वस्तूंवरून त्यांच्या मुलाने ओळख पटविली. हा अपघात होता की आणखी काही, ह्याचा निर्णय आजतागायत झालेला नाही. त्यांचे वय अवघे ५५ वर्षांचे होते.

माणूस गेला, पण त्याचे इंजिन सुधारतच राहिले. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ साली तेल सोडणारा अचूक पंप तयार करून आणला आणि अवजड इंजिन मोटारीत बसण्याजोगे झाले. १९३६ साली मर्सिडीझ-बेंझने डीझेलवर चालणारी प्रवासी मोटार बाजारात आणली. स्विस यंत्रज्ञ आल्फ्रेड ब्यूखी यांनी वाया जाणाऱ्या धुराच्याच जोराने इंजिनात अधिक हवा भरण्याची युक्ती शोधली. आपल्या महाराष्ट्रात १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या इंजिनांनी असंख्य शेतांना पाणी पाजले.

आता आरंभीच्या वादाकडे वळू. फेरफाराने लाभ होतो काय? होतो, परंतु जळणाऱ्या प्रत्येक थेंबाला पुरेशी हवा आणि योग्य क्षण मिळाला, तरच. पंपाचा पेच पिळून नुसते तेल वाढविले, तर जोर थोडा वाढेल, पण न जळलेले तेल काळा धूर होऊन बाहेर पडेल, दट्ट्या तापेल आणि इंजिनाचे आयुष्य घटेल. आजच्या गाड्यांतील विद्युत्‌-यंत्रणेत फेरफार करणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. शिवाय नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मनाई केली आहे. त्यापेक्षा हवेची गाळणी स्वच्छ ठेवणे, तेल फवारणाऱ्या नोझलची वेळच्या वेळी तपासणी करणे आणि चाकांत योग्य हवा राखणे, ह्यांतून होणारी बचत अधिक खात्रीची होय. आणि कोणी मोठा लाभ सांगितलाच, तर टाकी काठोकाठ भरून, त्याच रस्त्यावर, तेवढ्याच ओझ्यासह गाडी चालवावी, पुन्हा टाकी भरावी आणि किती तेल लागले ते मोजावे. त्या मापापुढे कोणाचाही शब्द टिकणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, डीझेल यांची पहिली कल्पना जशीच्या तशी खरी ठरली नाही. चूक उपकरणाने दाखवली, तेव्हा त्यांनी ती मान्य केली आणि कामाला लागले. म्हणूनच आज त्यांचे नाव आपल्या शिवारापर्यंत येऊन पोचले आहे. उद्या सकाळी ट्रॅक्टरचा आवाज कानी पडेल, तेव्हा ऑग्सबुर्गच्या त्या कारखान्यातील पहिल्या एका मिनिटाची आठवण आपण अवश्य करावी.