विश्लेषण : लंडनमध्ये घडलेली होळकरांची स्पोर्ट्स कार इतकी दुर्मीळ का? कोण होते इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे?

काष्टीच्या बाजारात बैलाचा भाव ठरताना दात, खूर आणि चाल पाहतात आणि तो कोणाच्या दावणीचा, हेही विचारतात. जुन्या मोटारींच्या जागतिक बाजाराचा नियम वेगळा नाही. इंजिन कोणते, बॉडी कोणी बांधली, अशा किती गाड्या उरल्या आणि पहिला मालक कोण, यावर किंमत ठरते. या बाजारात इंदूरच्या महाराजांचे नाव आजही आदराने घेतले जाते. हे महाराज म्हणजे यशवंतराव होळकर दुसरे. मोटारींच्या वेडापलीकडे त्यांचे आयुष्य काय होते?

अहिल्यानगरशी नाते काय?

होळकर घराण्याचे मूळ गाव होळ. मल्हारराव होळकरांनी माळव्यात सत्ता उभी केली. त्यांच्या सून अहिल्यादेवी यांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडीचा. त्यांच्याच नावावरून २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवींनी महेश्वरहून राज्य केले, पुढे इंदूर राजधानी झाली. याच गादीवर बसलेले अखेरचे सत्ताधारी महाराज म्हणजे यशवंतराव दुसरे.

सतराव्या वर्षी गादी कशी मिळाली?

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. त्यांचे वडील महाराज तुकोजीराव तिसरे यांच्या दरबारातून मुमताज बेगम ही नर्तकी मुंबईला निघून आली. जानेवारी १९२५ मध्ये मलबार हिलवर तिला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला. त्यात तिच्यासोबत असलेले व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. आरोपींचे धागेदोरे इंदूरपर्यंत पोहोचले. चौकशी आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा, असे दोन पर्याय ब्रिटिश सरकारने महाराजांपुढे ठेवले. तुकोजीरावांनी दुसरा पर्याय निवडला. फेब्रुवारी १९२६ मध्ये यशवंतराव महाराज झाले, तेव्हा ते अवघे १७ वर्षांचे होते. शिक्षण इंग्लंडमध्ये सुरू होते. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजमध्ये शिकून ते परतले आणि १९३० मध्ये त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले.

ही मोटार नेमकी कोणती?

त्या काळी महागड्या मोटारी तयार मिळत नसत. कंपनी इंजिन, चासी आणि रेडिएटर देई. त्यावर बॉडी बांधण्याचे काम वेगळे कारखाने करत. लाकडी सांगाडा आणि त्यावर हाताने ठोकून बसवलेला धातूचा पत्रा, अशी ही पद्धत होती. यशवंतरावांनी १९३०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची ‘एसजे’ चासी घेतली आणि बॉडीसाठी लंडनच्या जे. गर्नी नटिंग या कारखान्याची निवड केली. लांबलचक चासी आणि बसायला मोजकीच जागा, अशी ही स्पीडस्टर तयार झाली.

इंजिन ६.९ लिटरचे, एका ओळीत आठ सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. आजच्या गाड्यांत सर्रास दिसणारी ही रचना तेव्हा दुर्मीळ होती. ‘एसजे’मध्ये त्याला सुपरचार्जरची जोड होती आणि कंपनी ३२० अश्वशक्तीचा दावा करत असे. अशा ‘एसजे’ सुमारे ३६ बनल्या. त्यांतली लंडनमध्ये घडलेली म्हणून इंदूरची ही गाडी वेगळी ठरते.

सुपरचार्जर म्हणजे काय आणि ब्रिटिशांची ‘ब्लोअर’ कोणती?

इंजिनात जितकी जास्त हवा जाईल, तितके जास्त पेट्रोल जळते आणि तितकी ताकद वाढते. सुपरचार्जर इंजिनच्याच जोरावर फिरतो आणि हवा दाबून आत ढकलतो. ब्रिटनमध्ये याचे सर्वात गाजलेले उदाहरण म्हणजे साडेचार लिटरची ब्लोअर बेंटले. टिम बर्किन या रेसरच्या हट्टातून ती बनली. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटले यांचा मात्र सुपरचार्जरला विरोध होता. रेसच्या ५ आणि विक्रीच्या ५० अशा एकूण ५५ गाड्याच तयार झाल्या. ल मान्सची २४ तासांची शर्यत ब्लोअरला कधी जिंकता आली नाही, तरी १९३० च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किन दुसरे आले. बेंटलेने ल मान्सचे विजय मिळवले ते सुपरचार्जर नसलेल्या गाड्यांवर.

मग गर्नी नटिंगच का?

ब्रिटनच्या वेगवेड्यांचा हा आवडता कारखाना होता. ल मान्स १९२८ ते १९३० अशी सलग तीन वर्षे जिंकणारे वुल्फ बर्नाटो यांच्या बेंटले स्पीड सिक्स कूपेची बॉडी इथलीच. माल्कम कॅम्पबेल यांनी फेब्रुवारी १९३१ मध्ये अमेरिकेतील डेटोना किनाऱ्यावर ताशी २४६ मैल, म्हणजे सुमारे ३९६ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. त्या ‘ब्लू बर्ड’चे कवचही गर्नी नटिंगचेच. अमेरिकेतले सर्वात दमदार इंजिन आणि लंडनमधले सर्वात कुशल कारागीर यशवंतरावांनी एकत्र आणले.

यातून त्यांचा स्वभाव कळतो. बहुतेक संस्थानिकांच्या मोटारी मिरवणुकीसाठी असत, मालक मागच्या सीटवर बसे. स्पीडस्टर स्वतः चालवणाऱ्याची गाडी असते.

फक्त मोटारींचाच शौक होता का?

नाही. जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला इंदूरमध्ये माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. वातानुकूलन, धातूचे पलंग, युरोपातील नामवंतांचे फर्निचर असा हा राजवाडा त्या काळच्या भारतात अपवादच होता. शिल्पकार ब्रांकुशी यांची ‘पक्षी’ मालिकेतील तीन शिल्पे त्यांनी घेतली. त्यांच्यासाठी इंदूरमध्ये मंदिर बांधायचे ठरले होते, पण ते झाले नाही. चित्रकार बुते द मोंव्हेल यांनी त्यांची दोन मोठी चित्रे काढली. एकात ते युरोपीय पोशाखात आहेत, दुसऱ्यात मराठा राजाच्या वेशात.

आयुष्य कुठे बदलले?

१९३७ मध्ये. कागलच्या घाटगे घराण्यातील महाराणी संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह १९२४ मध्ये झाला होता. माणिकबागेच्या स्वप्नात त्यांचा बरोबरीचा वाटा होता. कन्या उषाराजे १९३३ मध्ये जन्मल्या. चार वर्षांनी संयोगिताराजेंचे स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले. पुढे यशवंतरावांनी दोन अमेरिकन महिलांशी विवाह केले आणि बराच काळ परदेशात घालवला.

राजकारणातही त्यांची वाट वेगळी होती. १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना खुले पत्र लिहून भारताच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याची विनंती केली. ब्रिटिशांच्या मर्जीवर गादी टिकवणाऱ्या संस्थानिकासाठी हे मोठे धाडस होते. स्वातंत्र्यानंतर २८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य झाले. ग्वाल्हेरचे शिंदे राजप्रमुख झाले, यशवंतराव उपराजप्रमुख. शिंद्यांची जहागीर श्रीगोंद्यात होती, तर अहिल्यादेवींचे माहेर चौंडीत. एकाच जिल्ह्याशी जोडलेली ही दोन घराणी अशा रीतीने एकत्रच सत्तेतून बाहेर पडली. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत यशवंतरावांचे निधन झाले. सरकारने वारस म्हणून उषाराजे यांना मान्यता दिली.

आज काय उरले?

ड्यूसेनबर्ग अमेरिकेतील संग्राहकांकडे गेली. ब्रांकुशींचे संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियातील कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. माणिकबागेतील फर्निचरचा १९८० मध्ये मोनॅको येथे लिलाव झाला. खुद्द राजवाड्यात केंद्रीय उत्पादन शुल्क विभागाचे कार्यालय आले.

इंदूरमध्ये राहिले ते लोकांसाठी केलेले. महाराजा यशवंतराव रुग्णालयात आजही रोज रांगा लागतात. सी. के. नायडू, मुश्ताक अली यांचा होळकर संघ यशवंतरावांच्या पाठबळावर चार वेळा रणजी करंडक जिंकला आणि त्या घराण्याच्या नावाने आज इंदूरचे क्रिकेट स्टेडियम ओळखले जाते. लाखमोलाच्या वस्तू पाहायला आता परदेशी जावे लागते. रुग्णालयाच्या दारात मात्र कोणालाही तिकीट लागत नाही.