पाटीलबाबा आणि चकमकीची बंदूक

आपल्या लष्करात कंपू हे नाव ज्याच्या तोंडी नाही असा माणूस सापडावयाचा नाही. कोणाचे बिऱ्हाड कंपूत, कोणाची सासुरवाडी कंपूत. मराठीत तर चार टवाळांच्या टोळक्यालाही आपण कंपू म्हणून मोकळे होतो. पण हा शब्द आला कोठून, असे घरातल्या मुलांना विचारून पाहावे; बहुतेक निरुत्तर होतात. शिंदेशाहीत कवायती पायदळ आणि त्याचा तोफखाना मिळून जे दळ होई, त्याला कंपू म्हणत. तो कंपू उभा केला महादजीबाबांनी. पानिपत, दिल्ली, वकील-इ-मुतलकची पदवी हे सारे आपण आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलेले आहे. आज तेच चरित्र मला एका लहान वस्तूच्या बाजूने सांगावयाचे आहे. ती वस्तू म्हणजे चकमकीची बंदूक.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. गाणे शिकवणे हा माझा पेशा, आणि दरबारी गवयाच्या घरात जन्म; शस्त्राशी संबंध काय तो खंडेनवमीपुरता. एका खंडेनवमीला स्नेह्यांच्या वाड्यावर पूजेला गेलो असता भिंतीवरची जुनी बंदूक उतरवून पाटावर ठेवलेली दिसली. घरातील वृद्ध काकांनी ती माझ्या हाती दिली. पण देण्यापूर्वी त्यांनी गज नळीत घालून आत जुना बार नाही याची खात्री करून घेतली. मग घोडा मागे ओढून चाप दाबायला सांगितले. मी दाबला. खट् असा आवाज झाला, पण ठिणगी काही पडेना. दुसऱ्यांदाही तेच.

काका हसले. त्यांनी घोड्याच्या जबड्याचा स्क्रू सैल केला, आतली गारगोटी काढली, तिची बोथट कड पितळी हातोडीने हलकेच टिपून धारदार केली, खालचे चामड्याचे झिजलेले अस्तर बदलले आणि गार पुन्हा अशी बसवली की तिची धार समोरच्या पोलादी पत्र्याशी बरोबर समांतर राहील. या वेळी चाप दाबताच ठिणग्यांचा झुबका खालच्या वाटीत उतरला. मला एकदम माझे वडील आठवले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा जीव सरकवताना त्यांचा चेहरा असाच होई. दोरा केसभर पुढेमागे झाला की तार मुकी. जागेवर आला की सारी खोली बोलू लागे. बंदुकीलाही जवारी असते, हे मला त्या दिवशी कळले. महादजीबाबांच्या चरित्राकडे तेव्हापासून मी त्या नजरेने पाहू लागलो.

महादजी हे राणोजी शिंद्यांचे धाकटे चिरंजीव. मूळ गाव साताऱ्याकडचे कण्हेरखेड. घराण्याने मराठी राज्यासाठी काय मोल दिले ते पाहिले म्हणजे छाती दडपून जाते. थोरले बंधू जयाप्पा 1755 साली नागोरास दग्याने मारले गेले. दत्ताजी 10 जानेवारी 1760 रोजी बुराडी घाटावर पडले. 14 जानेवारी 1761 च्या पानिपतात तुकोजी आणि पुतणे जनकोजी गेले. महादजी स्वतः पायावर घाव बसून पडले होते. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून वाचवले. पाय मात्र जन्माचा अधू झाला. त्या भिस्त्याला बाबांनी पुढे भाऊ मानले आणि सरदारकी दिली. स्वतःला मात्र अखेरपर्यंत पाटील म्हणवून घेतले.

पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचे बंदुकधारी पायदळ किती चिवटपणे लढले ते महादजींनी पाहिले होते. पुढे इंग्रजांशी गाठ पडली. जानेवारी 1779 मध्ये वडगावास इंग्रजांना शरण आणण्यात महादजींचा वाटा मोठा होता. पण पुढच्याच वर्षी, 3 ऑगस्ट 1780 च्या रात्री, मेजर पॉपहॅमच्या माणसांनी शिड्या लावून आपला ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. पाठोपाठ माळव्यातही इंग्रजी पलटणींनी महादजींना त्रास दिला. 17 मे 1782 रोजी येथून जवळच सालबाई मुक्कामी तह झाला, आणि मध्यस्थ म्हणून महादजींचे वजन वाढले. दुसऱ्याच्या तोंडून तहाची स्तुती ऐकून माणूस सुखावतो. महादजी मात्र मनाशी हिशेब करीत राहिले असावेत. वाऱ्यासारखे घोडदळ असूनही मूठभर पायदळाची रांग मोडत नाही, याचे कारण त्यांना शोधावयाचे होते.

ते कारण त्या बंदुकीत होते. आपल्याकडे तोवर तोड्याची बंदूक फार. तिला पेटती जामगी लागते. जळती दोरी हाती आणि दारू कमरेला. त्यामुळे शिपाई एकमेकांपासून अंतर राखून उभे राहत. पाऊस आला की जामगी विझे, आणि रात्री तिचा लाल ठिपका शत्रूला दुरून दिसे. चकमकीच्या बंदुकीत ठिणगी आतच पडते. म्हणून माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहू शकतात, बार लवकर भरतात, आणि टोकाला संगीन असल्याने घोडा अंगावर आला तरी हटत नाहीत. येथे एक खुलासा केला पाहिजे. ही पलटणींची बंदूक आतून गुळगुळीत असे. रायफल म्हणतात तिच्या नळीत आटे पाडलेले असतात. तिचा नेम लांबवर लागतो, पण भरायला वेळ फार. पलटणीला हवा होता तो वेग आणि एकजूट.

पण अशी बंदूक प्रथम हाती आलेल्या रंगरुटाची काय त्रेधा उडे! कागदी काडतूस दातांनी फोडायचे, चिमूटभर दारू रंजक म्हणून वाटीत घालून झाकण लावायचे, उरलेली गोळीसकट नळीत ओतून गजाने ठासायची. रंजक जास्त झाली की कानाचे भोक बुजते आणि बार वातीसारखा रेंगाळत उडतो. कमी झाली की वाटीत नुसता भपका होतो आणि आतली दारू तशीच राहते. कान काजळीने भरला की सुईने मोकळा करायचा. गार काही डझन बारांत बोथट होते, ती बदलायची. घोड्याची कमान फार ताठ असेल तर गार फुटते, सैल असेल तर ठिणगी पडत नाही. हे सारे हजार माणसांनी एका हुकुमासरशी, धुरात आणि भीतीत करावयाचे. म्हणजे बंदूक विकत घेऊन भागत नाही. तिला शिकवणारा उस्ताद लागतो, आणि रियाज लागतो.

तो उस्ताद महादजींना मिळाला 1784 साली. सॅव्हॉय प्रांतातील शांबेरी गावचा बेन्वा द बॉयन हा फ्रेंच आणि रशियन चाकरी करून हिंदुस्थानात आलेला. गंमत अशी की, महादजी ग्वाल्हेरला वेढा घालून बसले असता त्यानेच शत्रुपक्षाला वेढा उठवण्याची योजना सुचवली होती. महादजींनी ते मनात धरले नाही. उलट गुण हेरला. प्रथम दोन पलटणी, प्रत्येकी सुमारे साडेआठशे माणसांच्या, उभ्या करण्याचे काम त्यांनी त्याला दिले.

पहिली कसोटी 1787 च्या जुलैत लालसोटला लागली. लढाई बिघडली. बादशाही पलटणी शत्रूला मिळाल्या आणि महादजींना माघार घ्यावी लागली. त्या पडत्या काळातही द बॉयनच्या माणसांनी राठोडांच्या घोड्यांपुढे आपली रांग मोडू दिली नव्हती. पुढच्या वर्षी गुलाम कादिराने दिल्लीत बादशहा शहाआलमचे डोळे काढले, तेव्हा महादजींच्या फौजांनी दिल्ली परत घेतली आणि त्या आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवले. मग दोन पलटणींचा पुरता कंपू झाला. 20 जून 1790 रोजी पाटणला आणि 10 सप्टेंबर 1790 रोजी मेडत्याला या कंपूने राजपूत व मोगल फौजांचा पराभव केला. 1793 पर्यंत असे तीन कंपू झाले.

या यशामागे बंदुकीइतकीच एक साधी गोष्ट होती. शिपायाचा पगार वेळेवर होई. त्यासाठी महादजींनी दुआबातील मुलूख द बॉयनला तोडून दिला होता. जखमींची सोय लावण्याची रीतही त्याने घातली. शिवाय आग्र्याला तोफा आणि बंदुकांचा कारखाना निघाला. तो सँगस्टर नावाच्या स्कॉच गृहस्थाच्या देखरेखीखाली चाले, आणि तेथे बंदूक सुमारे दहा रुपयांत तयार होई, असे जुन्या लेखकांनी नोंदले आहे. म्हणजे साज येथेच बनू लागला होता, वाजवणारेही येथलेच, उत्तर हिंदुस्थानचे शिपाई होते.

मग उणे राहिले कोठे? मला वाटते, जवारी लावण्याचे काम परक्या हाती राहिले. हुकूम देणारे, पलटण जुळवणारे, गार कधी बदलावी हे सांगणारे अंमलदार बहुतेक फिरंगी. जिवबादादा, लखबादादा, अंबाजी इंगळे असे कर्ते पुरुष पदरी होते, पण कवायतीची विद्या मराठी सरदारांच्या घरात उतरली नाही. महादजींना हे दिसत नसेल असे म्हणवत नाही. इतकी दूरदृष्टी असलेला, भजने रचणारा, माणूस पारखणारा पुरुष! कदाचित त्यांना वेळ पुरला नाही. 1793 साली लाखेरीस हाच कंपू होळकरांच्या कवायती पलटणीवर चालून गेला. मराठ्यांनी नवी विद्या मराठ्यांवरच चालवली. हे इंदूरच्या आप्तांसमोर आजही आपण हळू आवाजात बोलतो. 12 फेब्रुवारी 1794 रोजी पुण्याजवळ वानवडीस महादजींनी देह ठेवला. तेथील छत्रीत आपल्यापैकी अनेकजण माथा टेकवून आले असतील.

गादीवर आलेले दौलतराव तेव्हा पंधरा वर्षांचे होते. द बॉयन 1796 मध्ये हिंदुस्थान सोडून गेला. जागेवर पेराँ आला. 1803 साली इंग्रजांशी युद्ध जुंपले तेव्हा इंग्रजांच्या जाहीरनाम्यासरशी कित्येक अंमलदार निघून गेले आणि अलीगड पडताच पेराँनेही पाठ फिरवली. पण शिपाई गेले नाहीत. 1 नोव्हेंबर 1803 रोजी लासवारीला, आपले बहुतेक फिरंगी उस्ताद पळालेले असताना, महादजींच्या त्या पलटणी जागच्या जागी लढून पडल्या. जिंकणाऱ्या जनरल लेकनेही त्यांचे शौर्य कबूल केले. पुढे 1810 साली दौलतरावांचा तळ येथे कायमचा पडला आणि आपले लष्कर वसले.

लासवारीचे ते शिपाई माझ्या मनातून जात नाहीत. त्यांना रियाज होता, साज होता. फक्त मोहरा धरणारा आपला माणूस नव्हता. हे लिहिताना मला स्वतःकडेही पाहावे लागते. कित्येक वर्षे मी शिष्यांचे तंबोरे स्वतःच जुळवून देत आलो. वेळ वाचतो, सूर चोख लागतो, मुले खूश, पालक खूश. एकदा मी तापाने पडलो आणि गुरुपौर्णिमेची बैठक मुलांनी बेसूर तंबोऱ्यावर केली, तेव्हा दोष त्यांचा नव्हता. त्यानंतर मी नियम केला. पहिल्या दिवशी मुलाला सरगम नाही, तंबोऱ्याची खुंटी आणि जीवाचा दोरा हाती द्यायचा. महिना-दोन महिने कान किटतात, तारा तुटतात. तुटू देतो.

पुढच्या खंडेनवमीला ती बंदूक पुन्हा पाटावर येईल. काका आता राहिले नाहीत. पण गार कशी बसवायची ते त्यांनी आपल्या नातवाला दाखवून ठेवले आहे, असे परवाच कळले. मला फार बरे वाटले.