दोन महायुद्धं आणि मौलाना आझाद

सीमेवर तणाव वाढला की आमच्या चांदूर रेल्वेत टपरीपासून शाळेपर्यंत लढाईचाच विषय असतो. अशा दिवसांत एखादं लेकरू विचारतं, सर, आपण कोणाच्या बाजूचे हे मलाच का विचारतात? त्याला आम्ही मौलाना अबुल कलाम आझाद यांची गोष्ट सांगतो.

मौलानांचा जन्म १८८८ साली मक्केत झाला. लहानपणीच ते घरच्यांसोबत कलकत्त्याला आले. १९१२ मध्ये त्यांनी ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक काढलं. मुसलमानांनी इंग्रजांच्या भरवशावर न राहता देशबांधवांसोबत उभं राहावं, हा त्याचा सूर. पहिलं महायुद्ध पेटलं आणि सरकारला हे खपेना. साप्ताहिक बंद पडलं. १९१६ मध्ये मौलानांना बंगालमधून हद्दपार केलं गेलं. १९१९ च्या अखेरीपर्यंत ते रांचीत नजरकैदेत होते. तिथंही त्यांनी मुलांसाठी मदरसा उभारला.

१९३९ मध्ये इंग्रजांनी हिंदुस्थानला न विचारताच दुसऱ्या महायुद्धात ओढलं. मार्च १९४० मध्ये रामगडच्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्ष म्हणून मौलानांनी ठामपणे मांडलं, की आपण मुसलमान आहोत आणि हिंदुस्थानीही. एकासाठी दुसरं सोडायची गरज नाही. त्याच महिन्यात मुस्लिम लीगने लाहोरला वेगळ्या राज्यांचा ठराव केला.

९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत त्यांना अटक झाली. नेहरू, पटेलांसोबत त्यांना आपल्याच महाराष्ट्रातल्या अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) किल्ल्यात ठेवलं. इकडे कलकत्त्यात बेगम जुलेखा यांची तब्येत खालावत गेली. मौलानांनी अर्ज केला तर तो सरकारकडे पाठवू, असं तुरुंग अधिकाऱ्याने सुचवलं. ज्या सरकारशी लढतोय त्याच्यापुढे हात पसरायला ते तयार झाले नाहीत. एप्रिल १९४३ मध्ये बेगमांचा इंतिकाल झाला. १९४५ ला सुटका झाल्यावर मौलानांना भेटली ती फक्त त्यांची कबर.

पुढे फाळणी झाली. १९४७ च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या जामा मशिदीत, घरदार सोडून निघालेल्या घाबरलेल्या मुसलमानांना त्यांनी थांबवलं. ही जमीन तुमचीच आहे, हे समजावलं. देशाचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून काम करत असतानाच २२ फेब्रुवारी १९५८ ला ते अल्लाहला प्यारे झाले. त्याच मशिदीजवळ त्यांची कबर आहे.

दोन्ही युद्धांत सरकारने मौलानांना धोक्याचा माणूस ठरवलं. पण आपण या देशाचे आहोत, याचा दाखला त्यांनी कोणाकडे मागितला नाही. सरकारच्या युद्धाला नकार देणं आणि देशावर प्रेम करणं, हे त्यांनी एकाच वेळी करून दाखवलं. ११ नोव्हेंबरला, त्यांच्या जयंतीला, राष्ट्रीय शिक्षण दिन असतो. त्या दिवशी फोटोला हार घालून थांबू नका. घरी लेकरांना जवळ बसवून ही गोष्ट सांगा.